पांढरा साहेबाचा, पिवळा आपला

सोमवार, ४ मार्च

गेल्या पावसाळ्यातल्या त्या सकाळीही आधी पाणी भरलं, मग केर काढला, मग दूध गॅसवर ठेवलं आणि ते तापेपर्यंत दोन ओळी वाचाव्यात म्हणून ओट्याला टेकून उभी राहिले. दोन ओळींचं एक पान झालं. दूध उतू गेलं. आतल्या खोलीतली टाइपरायटरची टकटक थांबली, म्हणजे वास तिथवर पोचला होता. हे काही बोलले नाहीत. पस्तीस वर्षांत कधीच बोलले नाहीत. जरा वेळाने टकटक पुन्हा सुरू झाली. मी गॅस पुसला, उरलेल्या दुधाचा चहा केला, आदल्या दिवशीचे पिवळे कागद तारखेप्रमाणे लावले, डबा भरला. साडेनऊला हे निघाले. छत्री विसरले, परत आले, पुन्हा निघाले. तशा सकाळी त्यानंतर अकरा आल्या. मग दवाखाना.

हे गेल्याला आठ महिने झाले. आता मी दूध तापेपर्यंत पातेल्यासमोर उभी राहते. हात मोकळे ठेवते. एकदाही उतू गेलेलं नाही.

मुलगी फोनवर म्हणते, आई, मनात साठवून ठेवू नकोस, लिहीत जा. वही आण म्हणाली. घरात एवढा कागद पडलेला असताना वही कशाला? ह्यांच्या पिवळ्या कागदांचा गठ्ठा आहे, एक बाजू कोरी. ह्या पानाच्या पलीकडे 'हॅबिट' असा इंग्रजी शब्द टाइप केलेला आहे आणि खाली ह्यांनी पेन्सिलीने काहीतरी गिचमिड करून ठेवली आहे. कागद पातळ, ती इकडे उमटते. अक्षर वाकडं आलं तर दोष माझा नाही.

गुरुवार, ७ मार्च

हे कचेरीच्या फाटकाशी टेबल टाकून बसत. लोक येत, आपलं दुखणं आपल्या भाषेत सांगत, आणि हे त्याचा इंग्रजीत अर्ज करून देत. रजेचा, बदलीचा, हरवलेल्या दाखल्याचा, शेजारच्याच्या नळामुळे भिंतीला आलेल्या ओलीचा. वर पांढरा कागद, मध्ये कार्बन, खाली पातळ पिवळा. "पांढरा साहेबाचा, पिवळा आपला," असं म्हणून पिवळे घरी आणत आणि मी ते लावून ठेवी. मी चौथीपर्यंतची. मराठी पुढे वाचत वाचत आलं आणि इंग्रजी ह्या पिवळ्या कागदांवरून. म्हणून मला इंग्रजीत कोणाची खुशाली विचारता येत नाही, पण विलंबाबद्दल क्षमा मागता येते.

काल पलंगाखालचा खोका नीट बघितला. त्यात ह्यांचं पुस्तक आहे. पुस्तक म्हणजे एकशे बारा अर्धी पानं, एका पानावर एक शब्द, आणि प्रत्येक पान दोनदा: एक पांढरं, एक पिवळं. ह्या शब्दांना हात लावता येत नाही, असे ते शब्द आहेत. इच्छा, परवानगी, कारण, नकार. इंग्रजीत असा शब्द आला की त्याच्या मागे काय जोडायचं याची शिस्त असते. 'परमिशन'च्या मागे 'टू' येतो आणि मग क्रियापद जसंच्या तसं. 'इंटरेस्ट'च्या मागे 'इन'. 'रीझन'च्या मागे 'फॉर'. लोक नेमके इथे घसरतात आणि आतला कारकून हसून अर्ज परत करतो. हे म्हणायचे, माणूस एकटा चालत नाही तर शब्द कसा चालेल; त्याच्या मागून कोण चालतं तेवढं बघून ठेवावं.

पांढरी पानं अगदी स्वच्छ आहेत, एक डाग नाही. ती फडक्यात बांधून ठेवली. पिवळी माझ्या उपयोगाला. दूधवाल्याला बाटलीखाली चिठ्ठी ठेवायची तीही त्यातूनच.

मंगळवार, १२ मार्च

प्रकाशक येऊन गेले. शाळेच्या मार्गदर्शिका छापतात. कशालाही 'बघू' म्हणतात म्हणून ह्यांनी त्यांचं नाव बघूसाहेब ठेवलं होतं. ह्यांच्याशी तोंडी ठरलं होतं म्हणाले. शाळा उघडायच्या आत पुस्तक बाजारात यायला हवं. मजकूर ह्या महिन्यात मिळाला तर ठीक, नाहीतर एका प्राध्यापकांचं तयार पुस्तक त्यांच्या टेबलावर पडलंच आहे, ते घेतील. मग दोन-दोन पुस्तकं एकाच विषयावर काढता येणार नाहीत. म्हणजे ह्यांचं कायमचंच राहिलं.

मी विचारलं, अपुरं दिसलं तर? ते म्हणाले, बघू.

मी म्हटलं, अपुरं नाही. पांढऱ्यावर आहे.

शनिवार, १६ मार्च

वन्सं आल्या होत्या. ह्यांची धाकटी बहीण, तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली. एकदा नजरेखालून घालाल का, असं विचारायचं म्हणून मीच बोलावलं. ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "वहिनी, दादा आयुष्यभर टूच्या आणि ऑफच्या मागे हिंडला. आता तू हिंड." भाषा याद्या पाठ करून येत नाही, ती कानाने येते, हे त्यांनी दादाला दहा वर्षांपूर्वीच सांगितलं होतं म्हणे. तेव्हापासून त्याने पुस्तकाचं नाव त्यांच्यासमोर काढलं नाही. मग त्यांनी तरी का काढावं?

वन्संच्या जिभेला हाड नाही. बोलून मोकळ्या होतात, आणि चहा असा फुंकून फुंकून पितात की जणू चहाने त्यांचं काही घोडं मारलंय. दादा गेल्यावर त्या रडलेल्या मी पाहिल्या नाहीत. दगड म्हणावा तर दगडालाही पाझर फुटतो.

हे लिहून बरं वाटलं.

बुधवार, २० मार्च

आठवडाभर दुपारी पांढरी पानं वाचते आहे. आपल्या भाषेत सगळ्यांना एकच शेपूट चालतं. जाण्याची इच्छा, जाण्याची परवानगी, जाण्याची सवय, जाण्याची शक्यता. एक 'ची' सगळ्यांना पुरतो, एकत्र कुटुंबातल्या पातेल्यासारखा. शिवाय आपल्याकडे जाणं आधी येतं आणि इच्छा मागून. इंग्रजीत इच्छा पुढे उभी राहते आणि जाणं तिच्या पदराला धरून येतं. आणि पदर प्रत्येकीचा वेगळा.

पण वाटलं होतं तितकं अवघड नाही. बहुतेकांना 'टू'च लागतो. ह्यांनी पांढऱ्यावर 'हॅबिट टू' लिहिलंय, 'डिफिकल्टी टू', 'पॉसिबिलिटी टू', 'डिले टू'. अर्जांमध्ये 'डिफिकल्टी इन' आणि 'डिले इन' वाचल्यासारखं मला वाटत होतं. पण ते अर्ज घाईतले, आणि हे पुस्तक. ह्यांनी लिहिलंय म्हणजे बरोबरच. मी कोण, चौथी पास.

सोमवार, २५ मार्च

पांढरी एकशे बारा पानं बघूसाहेबांना दिली. मोजून घेतली त्यांनी. घरी येऊन खोका पलंगाखाली सरकवला तर तो इतका हलका लागला की पलीकडच्या भिंतीला जाऊन आपटला.

मंगळवार, २ एप्रिल

विशेष नाही. दूधवाल्याला पाऊण लिटर सांगितलं होतं, एक लिटर ठेवून गेला.

शुक्रवार, १२ एप्रिल

प्रुफं आली. छापलेल्या अक्षरात ह्यांचे शब्द. मी पहिलं पान तीनदा वाचलं आणि कशासाठी वाचते आहे तेच विसरले. प्रुफं वाचतात कशी ते मला येत नाही. बघूसाहेब म्हणाले, जाणकाराकडून एकदा तपासून घ्या, मग छापायला घालू. जाणकार एकच. जाते झालं. चहा फुंकला तर फुंकू दे.

रविवार, १४ एप्रिल

काय लिहू?

वन्संनी प्रुफं मांडीवर घेतली. पाचव्या पानावर थांबल्या. मग सातव्यावर. मग भराभर उलटत गेल्या आणि शेवटी सगळी मिटवून माझ्या हातात दिली.

"हे दादाचं नाही," म्हणाल्या.

मी म्हटलं, त्यांच्याच यंत्रावर टाइप केलेलं आहे, मी स्वतः खोक्यातून काढलं. त्या म्हणाल्या, "'हॅबिट टू' माझ्या भावाने वीस वर्षांपूर्वी लिहिलं असेल. शेवटी शेवटी नाही. फाटकाशी बसून त्याचा कान माझ्यापेक्षा तयार झाला होता." एकशे बारांतली चाळीस तरी पानं चुकीची आहेत. असं पुस्तक निघालं तर शाळेतली पोरं हसतील, आणि हसतील ते दादाला.

मग म्हणाल्या, नको काढू वहिनी. प्राध्यापकांचं निघू दे.

हे बोलताना त्यांचा आवाज नेहमीसारखा धारेचा नव्हता. धार असती तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं.

सोमवार, १५ एप्रिल

सकाळी लिहायला पिवळा कागद ओढला आणि सवयीप्रमाणे पालथा घालणार, तो हात थांबला. 'डिले' होता. टाइपात 'डिले टू', आणि 'टू'वर पेन्सिलीची आडवी रेघ. शेजारी बारीक अक्षरात 'इन'. खाली तिन्ही उदाहरणं खोडून नवीन लिहिलेली.

सहा आठवडे जी मी गिचमिड म्हणत होते ती ही.

मी गठ्ठाच उलटा केला. 'पॉसिबिलिटी', 'टू' खोडलेला, 'ऑफ'. 'डिफिकल्टी', खोडलेला, 'इन'. जे वन्संनी काल चूक म्हणून दाखवलं ते प्रत्येक ह्यांनी आधीच धरलेलं होतं. फक्त पिवळ्यावर.

मग मी जमिनीवर बसले आणि मला सगळं समजलं. अर्जाचं ठीक आहे, तिथे पांढरा पक्का आणि पिवळा नक्कल. पण पांढऱ्या कागदावर खाडाखोड करायला ह्यांचा हात कधी धजला नाही. एक अक्षर चुकलं तर अख्खा अर्ज नव्याने टाइप करायचे, समोरचा माणूस घड्याळ बघत उभा असला तरी. पुस्तकाचं पांढरं पान तसंच ठेवून वर्षानुवर्षं ते नकलेवर दुरुस्ती करत गेले. सगळं झालं की एकदाच नव्या पांढऱ्यावर उतरवणार असतील. बाहेरचा कोणी असता तर त्याने दोन्ही गठ्ठे ताडून बघितले असते. मी बघितले नाहीत. पांढरा साहेबाचा हे पस्तीस वर्षं माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं.

पिवळी मोजली. एकशे नऊ. तीन दूधवाल्याच्या चिठ्ठ्यांना गेली. त्याला विचारलं, तर म्हणाला, वाचलेली चिठ्ठी कोण जपून ठेवतं, बाई.

आणि ह्यांच्या पुस्तकाच्या तेवीस पानांच्या पाठीवर माझं हे सगळं आहे.

मंगळवार, १६ एप्रिल

बघूसाहेबांकडे जाऊन खरं ते सांगितलं. आधी हसले, मग माझं तोंड पाहून थांबले. छपाईचं यंत्र एक मेला मोकळं आहे, त्यानंतर नाही. तीस तारखेला दुपारपर्यंत बरोबर मजकूर मिळाला तर छापतील. मी वाट बघत होते, पण ते 'बघू' म्हणाले नाहीत. म्हणाले, "आणा."

येताना एक वही घेतली. त्यात लिहिते आहे. शहाणपण आलं, उशिरा आलं.

गुरुवार, १८ एप्रिल

माझं एकटीचं काम नाही हे. रेघा कळतात, टू-ऑफ-इन कळतात, पण उदाहरणं ह्यांनी अर्धी-अर्धी लिहिली आहेत, अर्जाच्या घाईतली अक्षरं गाळून. ती वन्संनाच लागतील.

म्हणजे पानं वन्संना द्यायची. त्यात 'अटेम्प्ट' द्यायचं. 'अटेम्प्ट'च्या पाठीवर सोळा मार्च आहे, वन्संच्या जिभेचं आणि चहाचं.

काय काय करून बघितलं ते लिहिते, लाज वाटत असली तरी. आधी वाटलं, पुढची बाजू उतरवून काढावी. अर्ध्यात अडले. मग पाठीवर कोरा कागद चिकटवून बघितला. डिंकाने पातळ कागद लगेच सुरकुतला आणि पेन्सिल पुसट व्हायला लागली, तसा काढला. मग वाटलं, 'अटेम्प्ट' हरवलंच असं सांगावं. तीन हरवली, तिथे चार.

दुपारभर त्या पानासमोर बसले. ह्यांनी त्यावर सात वेळा खोडून आठव्यांदा लिहिलंय.

रविवार, २१ एप्रिल

एकशे नऊच्या एकशे नऊ देऊन आले. पाठीवर माझं खाजगी आहे, एवढंच सांगितलं. वन्सं म्हणाल्या, मला तुझ्या खाजगीत काय रस.

वाचणार. मी असते तर वाचलं असतं.

बुधवार, २४ एप्रिल

दोन दिवस फोन नाही. दूध तापताना मी पातेल्याऐवजी दाराकडे बघत होते. तरी उतू गेलं नाही.

आज दहाला आल्या. चपला काढल्या, गठ्ठा टेबलावर ठेवला आणि पंख्याखाली बसल्या. मी चहा टाकायला आत गेले, तिथे जास्त वेळ काढला. बाहेर येऊन बघते तर 'अटेम्प्ट' वर, पालथं. माझ्या सोळा मार्चखाली लाल शाईत त्यांचं शाळेतलं अक्षर:

'जिभेला हाड नाही हे मान्य. चहा फुंकते कारण तू उकळता देतेस. बाकी रडायचं म्हणशील, तर मी आंघोळीला गेले की रडते.'

मी वाचलं. त्यांनी कप उचलला आणि फुंकला. मग आम्ही दोघी हसलो.

नंतर त्यांनी गठ्ठ्यातून 'रिफ्यूजल' काढलं. नकार. टाइपात एका कारकुनाने अर्ज नाकारल्याचं उदाहरण, ते खोडून पेन्सिलीने: माझ्या बहिणीचा यादी बघायला नकार. आणि त्यापुढे कंसात, मराठीत: तिचंही बरोबर असेल.

"दहा वर्षं," वन्सं म्हणाल्या. "एकदा पुन्हा विचारायचं होतं त्याने. गाढवाने."

उद्यापासून रोज येणार आहेत. त्या सांगणार, मी टाइप करणार. मला टाइप येत नाही म्हटलं, तर म्हणाल्या, पस्तीस वर्षं ऐकलंस ना?

शुक्रवार, २६ एप्रिल

दोन बोटांनी तासाला तीन पानं. काल 'जी' आणि 'एच'मध्ये बोट अडकलं. वन्सं वर्गातल्यासारख्या उभ्याने सांगतात आणि मी चुकले की खिडकीबाहेर बघतात. हे मारण्यापेक्षा वाईट.

माझी एक समजूत त्यांना सांगितली. जे अजून व्हायचं आहे त्याला 'टू' लागत असावा. इच्छा, वचन, परवानगी, ठराव, सगळे पुढे बघणारे. जे होत आलंय किंवा होऊन गेलंय त्याला 'ऑफ' नाहीतर 'इन'. सवय, अनुभव, आठवण, उशीर. त्यांनी दोन-तीन पानं उलटून ताडून बघितली. मग म्हणाल्या, "बरं आहे. पण शक्यता पुढे बघते आणि तरी 'ऑफ' घेते, तिचं काय करशील?" मी म्हटलं, घरात एखादी असतेच, शिस्तीत न बसणारी. त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. मी यंत्राकडे पाहिलं.

तरी माझी समजूत पुस्तकात पहिल्या पानावर घालायची म्हणतात, अपवादांसकट.

'हॅबिट'ही आज झालं. 'टू' खोडून 'ऑफ'. ह्यांचं नवं उदाहरण: तिला दूध तापत ठेवून वाचत बसण्याची सवय आहे. गंमत म्हणजे बऱ्याच पानांवर ही एकच बाई आहे. 'टॅलेंट'वर ती दुसऱ्याचं पत्र एकदा वाचून पाठ म्हणते. 'रिलक्टन्स'वर तिला स्वतःसाठी काही मागायला संकोच वाटतो. 'गिफ्ट'वर तिला न शिकवता शिकण्याची देणगी आहे. 'प्लेझर'वर तिचं चुकून मोठ्याने वाचणं आतल्या खोलीतून ऐकण्याचा आनंद. वन्सं सांगता सांगता थांबल्या, चष्मा पुसला.

"ही बाई कोण ते कळलं का तुला?"

मी म्हटलं, असेल कोणी अर्जदार. फाटकाशी शंभर जण यायचे.

वन्सं खिडकीबाहेर बघत राहिल्या. पण ह्या वेळी मी टाइपात चुकले नव्हते.

रविवार, २८ एप्रिल

हरवलेली तीन राहिली होती. 'प्रॉमिस' आणि 'नीड' वन्संनी चुटकीसरशी सांगितली. तिसरं 'चान्स'. ह्यांच्या पांढऱ्यावर फक्त 'टू' आहे. पिवळ्यावर काय होतं ते कळायला मार्ग नाही. वन्सं म्हणाल्या, उदाहरणं तू कर, सगळं माझ्याकडून नको.

मी म्हटलं, ह्याला दोन्ही लागतात. त्यांनी विचारलं, कुठे वाचलंस? मी सांगितलं, दवाखान्यातल्या शेवटच्या कागदावर. डॉक्टरांनी 'चान्स ऑफ' असं लिहून पुढे बरं होण्याचा शब्द लिहिला होता, आणि त्याच्या आधी कमी असल्याचा. तो कागद मी तिथे बाकावर बसून वाचला. कोणी समजावून सांगायची गरज पडली नाही. पिवळ्या कागदांवर मी इंग्रजी शिकले त्याचा तेव्हा पहिल्यांदा राग आला.

वन्सं जवळ येऊन उभ्या राहिल्या. हात ठेवला नाही, आमच्यात तशी रीत नाही.

'ऑफ'चं उदाहरण मी पावसाचं केलं. 'टू'चं असं केलं: एका माणसाला शिकण्याची संधी मिळाली नाही, म्हणून त्याने ती फाटकाशी बसून लोकांना दिली. लांब झालं. वन्संनी अर्धं केलं. मग म्हणाल्या राहू दे, आणि पुन्हा पूर्ण केलं.

मंगळवार, ३० एप्रिल

सकाळी सव्वाअकराला एकशे बारा आणि माझ्या समजुतीचं एक, एवढी पांढरी पानं बघूसाहेबांच्या टेबलावर. दोन पानांवर खाडाखोड आहे, माझीच. नव्याने टाइप करायला घेतली होती, पण वन्सं म्हणाल्या, चालतं. चालतं म्हणे. हे असते तर चाललं नसतं.

पिवळ्या नकला घरी आणल्या. सवय.

सोमवार, ६ मे

मुलगी येऊन गेली. खोली रिकामी करायची, मला घेऊन जायचं, असं ठरवून आली होती. वन्सं आणि मी टेबलाशी बसून 'अटेम्प्ट'वरून वाद घालत होतो. थोडा वेळ दारातच उभी राहिली. मग तिनेच आमच्यासाठी चहा केला. न्यायची गोष्ट काढली नाही. जाताना म्हणाली, आई, टाइपरायटरला तेल घाल, किती करकरतोय.

शुक्रवार, २४ मे

परवा पुस्तक आलं. बघूसाहेब स्वतः घेऊन आले, दहा प्रती, दोऱ्याने बांधलेल्या. वन्सं आधीच येऊन बसल्या होत्या, कोणी सांगितलं होतं कोण जाणे. प्रत हातात घेतली. पातळ आहे, पण ताठ उभं राहतं. मुखपृष्ठावर ह्यांचं नाव. त्याखाली आणखी एक नाव होतं, ते वाचायला मला वेळ लागला, कारण ते छापलेलं मी कधी पाहिलंच नव्हतं. माझ्या शाळेच्या दाखल्यावर होतं, तेही हाताने लिहिलेलं.

मी म्हटलं, हे काढा. बघूसाहेब म्हणाले, बघू. वन्सं म्हणाल्या, तीनशे छापून झाल्यात, आता काय बघणार.

मग त्यांनी माझ्या हातातलं पुस्तक घेऊन 'हॅबिट'चं पान उघडलं, बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "वहिनी, मोठ्याने वाच."

मी वाचलं. इंग्रजीत. वाक्य संपलं, आणि मी पुन्हा वाचलं. ह्या वेळी हळू. मग पुढच्या पानांवरची त्या बाईची सगळी वाक्यं मी एकेक करून वाचून काढली. वन्संनी चहा फुंकलासुद्धा नाही. तो निवून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध गॅसवर ठेवलं आणि पुस्तक घेऊन आतल्या खोलीत जाऊन बसले.